मैनाची बदनामी

चहा आधी संपवा, मग सांगतो. गेल्या खेपेला हा किस्सा ऐकताना एका मित्राला भर घोटात ठसका लागला आणि माझा पांढरा शर्ट गेला तो गेलाच. आणि हो, सगळं ऐकून झाल्यावर 'तू एवढा बावळट कसा रे?' असं विचारायचं नाही. तो प्रश्न अख्ख्या कसबा बावड्यानं मला विचारून झालाय.

तेव्हा मी कोल्हापुरात नवा होतो. एका दैनिकात वार्ताहर म्हणून चिकटलो होतो आणि बावड्यात एक खोली भाड्यानं घेतली होती. मूळचा मी ठाण्याचा. पण इथं ठाणं नावाचं वेगळं गाव असतं हे कुणी मानायलाच तयार नाही. पुण्याच्या पुढं गेलं की सगळी मुंबईच. त्यामुळं घरमालकापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी मी 'मुंबईचं पावणं' झालो.

आणि पावण्याची मिजास काय विचारता! निघताना आईला सांगून आलो होतो, लहानसं गाव आहे, तिथं माझ्यासारख्याला किती वेळ लागणार? दिवाळीपर्यंत पहिल्या पानावर नाव आणून दाखवतो. झालं! आई रोज सकाळी मोबाइलवर आमचा पेपर उघडायची, पहिलं पान वरपासून खालपर्यंत चाळायची आणि फोन करायची. 'आज नाही वाटतं?' एवढंच विचारायची हो, पण दिवसभर कानात घुमायचं ते.

'लहानसं गाव' हे शब्द मी एकदा ऑफिसातही बोललो. त्यानंतर आठवडाभर माझ्या चहात साखर नव्हती.

आमचे मुख्य वार्ताहर देसाई सर मात्र भला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. लिहायच्या आधी विचारायचं, आणि कुणी चहाला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, कारण इथली निम्मी बातमी चहाबरोबर येते. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे जुन्या काळातलं झालं.

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी मी माझ्या बिनगिअरच्या स्कूटरवरून उसाच्या कडेकडेनं ऑफिसला निघालो होतो. समोरून कानठळ्या बसवणारा आवाज आला. बघतो तर काय? एक पागोटेवाले आजोबा मोटारसायकल पिटाळत येतायत, तीही सायलेन्सर काढलेली. सारखे मागं वळून ओरडतायत. आणि त्यांच्या मागं एक दांडगी काळीभोर म्हैस, शिंगं आभाळाला लावून, चौखूर उधळलेली!

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी समजलो, म्हातारा मरतोय. ठाण्यातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी स्कूटर रस्त्यात आडवी घातली, दोन्ही हात वर केले आणि जीव तोडून ओरडलो, 'आजोबा, उसात उडी मारा!' मला चुकवायला आजोबांनी गाडी वळवली आणि खरोखरच उसात गेले. गाडीसकट गेले.

म्हैस? ती जागच्या जागी थांबली. शेपटी हलवत उभी राहिली, जणू बसची वाट बघतेय. खरं तर तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी मोबाइल काढून फोटो घेत होतो ना! वर आलेले आजोबांचे दोन पाय, आडवी मोटारसायकल आणि शेजारी ही काळी आपत्ती. असा फोटो नशिबानं मिळतो.

आजोबा पाला झटकत बाहेर आले. त्यांचं नाव सदाआप्पा. मी विचारलं, लागलं का? त्यांनी आधी म्हशीच्या चारी पायांवरून हात फिरवला, मग सांगितलं की मैनाला काही झालेलं नाही. मी मनात म्हटलं, धक्का बसलाय बिचाऱ्यांना. मग ते म्हणाले, 'चला पावणं, घर हितंच हाय. च्या घिऊन जावा.'

चहा! आणि मी काय म्हणालो असेन? 'नको आप्पा, घाईत आहे.' घाई कसली, तर त्यांचीच बातमी द्यायची घाई.

देसाई सर त्या दिवशी नृसिंहवाडीला दर्शनाला गेले होते. नेमके त्याच दिवशी. मी बातमी परस्पर पाठवून दिली आणि दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर फोटोसकट झळकली. 'बावड्यात उधळलेल्या म्हशीचा थरार. दुचाकीस्वार वृद्ध बालंबाल बचावला'. खाली मालकाचं नाव, म्हशीचं नाव, सगळं तपशीलवार. बातमी कशी परिपूर्ण असावी! पहिलं पान नव्हतं आणि माझं नावही नव्हतं, पण सुरुवात झाली म्हणून मी स्वतःलाच एक मिसळ खिलवली.

मिसळ खाऊन ऑफिसात येतो तर दारात चपलांचा ढीग. आत आप्पा, तालमीचे अध्यक्ष आणि दोनचार माणसं. आणि सगळ्यांच्या पुढं, पदर खोचून, हातात आमचा पेपर घेऊन आप्पांची मंडळी. आक्का म्हणतात त्यांना. देसाई सर खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. नव्हते रडत.

मला वाटलं, आप्पांना पाडलं म्हणून भांडायला आले असतील. आक्कांनी तो गैरसमज लगेच दूर केला.

'ह्येंला काय बी म्हण. उसात पडलं म्हण, गटारीत पडलं म्हण, मी कशाला येतीया? पर माझ्या मैनाला उधळल्याली म्हणालास?'

मग देसाई सरांनी डोळे पुसत मला समजावलं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरकर आपल्या म्हशी नटवतात. शिंगं रंगवतात, कवड्यांच्या माळा घालतात, मोरपिसं लावतात. आणि मालक गाडीवरून पुढं सुटला की म्हैस त्याच्या मागं, गर्दीतून, दोरी नाही की काठी नाही, सुसाट पळत येते. मालकाच्या शब्दावर पळते आणि शब्दावर थांबते. त्यासाठी महिनोन्महिने सराव चालतो. मी पाहिला तो पाठलाग नव्हता हो. ती तालीम होती.

आणि यंदा मैना पहिल्यांदाच मिरवणुकीत सगळ्यात पुढं पळणार होती! रेडकू असताना तिची आई गेली, तेव्हा आक्कांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. श्रावणापासून बसून तिच्यासाठी कवड्यांची माळ ओवली होती. आणि मिरवणूक तालमीचीच, म्हणून आज सकाळी अध्यक्षांनी निरोप धाडला होता की रस्त्यावर बायाबापड्या असतात, लेकरं असतात, पेपरात नाव आलेली म्हैस पुढं घेता येणार नाही. सगळं सांगताना आक्कांचा आवाज चढलेलाच होता, पण माळेचं बोलल्या आणि एकदम थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा मला खरी लाज वाटली.

देसाई सर म्हणाले, उद्याच खुलासा छापतो. आक्का म्हणाल्या, खुलासा कोण वाचतंय, बातमी समद्यांनी वाचली. अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. मग कोर्टात निकाल द्यावा तसे बोलले.

'ज्यानं लिवलं त्यानं उद्या गाडी चालवायची. मैना मागनं पळंल. पेपर खोटा का म्हस खोटी, बघूया की.'

मी देसाई सरांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते.

आता मला बिनगिअरच्या स्कूटरपलीकडं काही येत नाही. पण मैना ओळखते ती आप्पांच्या गाडीचा आवाज. म्हणजे तेच सायलेन्सर काढलेलं धूड मला चालवायचं होतं. दुसऱ्या दिवशी बावड्याच्या मैदानात ही गर्दी! जणू कुस्त्यांचा फड. आप्पांनी मला क्लच दाखवला, गिअर दाखवला आणि एकच गोष्ट बजावली, मागं बघायचं नाही. ज्याला मी उसात घातलं तो माणूस माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत होता, घाबरू नका पावणं, ती लई गुणाची हाय. या माणसांना राग येतो तो तोंडावर येतो आणि तिथंच संपतो. पोटात काही ठेवायची सवयच नाही.

गाडी सुरू केली. निघालो. मागून टापांचा आवाज येऊ लागला. वा! निम्मं मैदान झालं, लोक शिट्ट्या मारतायत, मला वाटलं जमतंय की. आणि मग मी मागं बघितलं.

माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर दोन ओल्या नाकपुड्या होत्या.

पुढचं मला नीट आठवत नाही. गाडी जोरात पळवली एवढं खरं. आखलेली वाट सोडून मी थेट गर्दीत घुसलो, माणसं इकडंतिकडं पांगली, अध्यक्षांचं पागोटं एका बाजूला आणि अध्यक्ष दुसऱ्या बाजूला. शेवटी उकिरडा आडवा आला म्हणून थांबलो, नाहीतर सरळ ठाण्याला पोचलो असतो.

डोळे उघडले तेव्हा कळलं, मैना कुठंच भरकटली नव्हती. मी वाट सोडली तिथंच ती उभी राहिली होती. मग आप्पांनी हाक मारल्यावर सावकाश चालत आली, माझा वास घेतला आणि माझ्या हेल्मेटवरून खरखरीत जीभ फिरवली. मग अध्यक्षांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, उधळलं कोण ते समद्यांनी बघितलं, मैना पाडव्याला पुढंच पळणार. आक्का मैनाच्या गळ्यात पडल्या. मी उकिरड्यातच होतो, पण मलाही रडू आलं.

तुम्हाला वाटेल, आता मला हाकललं असेल. छे हो! आक्का मला घरी घेऊन गेल्या. बंबात पाणी तापवलं, आप्पांचं धोतर नेसायला दिलं आणि ताटात भाकरी आणि तांबडा रस्सा वाढला. आधी मैनाच्या धारोष्ण दुधाचा तांब्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. वर विचारतात कशा, 'मुंबईत म्हसरं न्हाईत व्हय रं?' म्हटलं, आहेत, पण ती कुणाच्या मागं पळत नाहीत. आक्का म्हणाल्या, मग माणसंच पळत असतील. मी भाकरी मोडून खात राहिलो. कालपर्यंत ज्यांची बदनामी केली त्यांच्या चुलीपुढं धोतर नेसून बसलो होतो, आणि या गावाला लहान म्हणणारा माणूस किती लहान असतो ते मला तेव्हा कळलं.

पाडवा आला. मी आमच्या फोटोग्राफरबरोबर रस्त्याच्या कडेला उभा होतो. अंघोळ घालून, तेल लावून चकाकणाऱ्या म्हशी बघून डोळ्यांचं पारणं फिटत होतं. एवढ्यात ओळखीचा फटफटाट ऐकू आला. पुढं आप्पा, मागं मैना. लाल शिंगं, गळ्यात आक्कांची माळ, पायात चाळ आणि धावण्यात असा तोरा की अंगावर काटा आला माझ्या. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

ती जवळ आली तेव्हा लोक हसतायत असं जाणवलं. आणि मैनाकडं बघत नाहीत, माझ्याकडं बघतायत! इथं हौशी मालक म्हशीच्या अंगावरचे केस कातरून चित्रं काढतात, नावं लिहितात. मैनाच्या पोटावर टपोऱ्या अक्षरात कातरलं होतं, 'मैना न्हाय उधळली, उधळलं पावणं - मंदार पेठे, वार्ताहर'.

आमच्या फोटोग्राफरनं वैर साधावं तसा तो फोटो साधला. आणि देसाई सरांनी तो कुठं छापला असेल?

सकाळी सकाळी आईचा फोन. पहिलं पान वरपासून खालपर्यंत चाळलं म्हणे, एकाही बातमीवर माझं नाव नाही. मग चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि सापडलं. तिनं मला ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं, अगदी 'वार्ताहर'पर्यंत. मग विचारते कशी,

'मंदार, हे खरं आहे का रे?'

म्हटलं, 'आई, माझ्या नावानं इथं छापलेली पहिली खरी बातमी आहे ही.'