कोचच्या आईचे सोमवार

दह्याचे रिकामे प्लास्टिकचे डबे घरात कसे साठतात, तसे हे किस्से साठलेत. एकही टाकवत नाही, कशात काय आहे ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही, आणि कपाट उघडलं की सगळे एकदम अंगावर! परवा हळदीकुंकवाला बायका मागेच लागल्या, "काकू, ते बास्केटबॉलचं सांगा ना." दोन सांगितले. बाकीचे आता लिहूनच काढते.

आधी ओळख करून देते. माझा मुलगा निखिल कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच. आम्ही अमेरिकेत अ‍ॅशबर्नला राहतो, त्याचं कॉलेज इथून दीड तासावर. कॉलेज लहान. अशांना इथे 'मिड-मेजर' म्हणतात. म्हणजे टीम चांगली असते, पण टीव्हीवर दिसते ती मोठ्या कॉलेजांशी हरताना. निखिलनं ती टीम जिंकायला शिकवली. सलग पाच वर्षं. दरवर्षी सगळे म्हणायचे, "आता हा मोठ्या कॉलेजात जाणार बघा!" आणि दरवर्षी तो तिथेच.

आमचे हे म्हणायचे, "पत्रिका जुळते, पसंतीही आहे, फक्त लग्न ठरत नाही!"

*

मराठी मंडळातल्या एक काकू, त्यांचे दोन्ही मुलगे बेलव्ह्यूला मोठ्या कंपन्यांत. दर संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारायच्या, "निखिल काय करतो सध्या?"

"कोच आहे."

"हो गं, ते आहेच. पण जॉब कुठे?"

पुढच्या वर्षी निखिलची मॅच टीव्हीवर दाखवली. देशभर! रात्रीचं जेवण आटपायच्या आत काकूंचा फोन. मला वाटलं, चला, आता तरी पटलं असेल.

"अगं, निखिल दिसला आत्ता! सूट छान होता हं." मग आवाज हळू करून, "पण एवढा ओरडत का होता गं? जॉबचं काही टेन्शन आहे का त्याला?"

*

शेवटी मी सोळा सोमवार धरले. निखिलला मोठ्या कॉलेजात नोकरी लागू दे, असा संकल्प सोडला. त्याचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चात संपतो. सोळा सोमवार त्यात अगदी मापात बसतात! बेलाची पानं फ्रीजरमध्ये होती. पूजा झाली की संध्याकाळी चुरमा. त्याचे तीन भाग करायचे: एक देवळात, एक गाईला, एक घरी.

देऊळ जवळच आहे. पण अ‍ॅशबर्नमध्ये गाय कुठून आणायची? इथे जिकडे बघावं तिकडे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती. ह्यांनी चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून एक डेअरी शोधून काढली. मालक सत्तरीचे, सावध माणूस. गाईला काय घालणार ते आधी सांगा म्हणाले.

"गहू, गूळ, तूप."

"तूप म्हणजे?"

"लोणी कढवून करतात."

"म्हणजे तिचंच तिला परत!" ते म्हणाले. मग विचारलं, "आणि हे कशासाठी?"

मी सांगितलं, मुलाला मोठ्या कॉलेजात कोचची नोकरी हवी आहे. त्यांनी गाईकडे बघितलं. गाईनं त्यांच्याकडे बघितलं.

"मॅडम," ते अगदी आदरानं म्हणाले, "ही निवड समितीवर नाहीये."

*

सोमवारी मी तीन गोष्टी पाळते. मीठ नाही, कुणाला टाकून बोलणं नाही आणि खोटं नाही. तिसरीचा त्रास पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त.

एका सोमवारी निखिलची घरच्या मैदानावर मॅच होती. मी लवकर पूजा आटपून गेले. तिथे त्याचे साहेब भेटले, कॉलेजचा सगळा खेळ विभाग त्यांच्याकडे. फार गोड माणूस. शेजारी बसले आणि म्हणाले, "निखिल इथे खूश आहे ना? घरी काय म्हणतो?"

मी म्हटलं, "खूप खूश आहे."

ते खरंच होतं. पण अर्धं होतं, आणि सोमवार होता.

"पण त्याला दुसरीकडे नोकरी लागावी म्हणून मी सोळा आठवडे उपास करतेय," मी म्हटलं. "आज नववा."

मॅच निखिलनं जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी त्याच्यापुढे नवा करार ठेवला, आणखी पाच वर्षं इथेच राहण्याचा!

"आई," निखिल फोनवर म्हणाला, "पुढच्या सोमवारी तू प्लीज घरीच थांब."

हे सगळ्यात जास्त आवडलं केल्विनला. केल्विन निखिलचा असिस्टंट कोच, सात वर्षं त्याच्या सोबत. निखिल आई म्हणतो म्हणून तोही मला आईच म्हणतो. माझ्या हातची मऊ खिचडी दोन वेळा मागून खातो. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आई, म्हणजे तू कधीच खोटं बोलत नाहीस?"

"नाही रे."

"मग सांग, गणपतीत मी आरती म्हटली ती कशी होती?"

"छान होती की!"

त्यानं खिशातून फोन काढून तारीख बघितली. "आज मंगळवार आहे, आई."

*

आता जेलनचं सांगते. जेलन शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. सहा फूट सात इंच, आणि चेंडू हातात आला की सगळं स्टेडियम उभं राहायचं. त्याला न्यायला मोठमोठी कॉलेजं टपलेली. एक कोच तर खासगी विमानानं आले! जेलनचं नाव छापलेला शर्ट, त्याच्या आईसाठी हा एवढा पुष्पगुच्छ, टीव्हीएवढ्या स्क्रीनवर त्याच्या भविष्याची फिल्म.

निखिल आणि केल्विन माझ्या जुन्या गाडीतून गेले. दुसरं काही न्यायला नव्हतं म्हणून माझा गेल्या सोमवारचा चुरमा, दह्याच्या डब्यात.

जेलनची आई, डेनिस, एकटीनं मुलाला वाढवणारी बाई. चर्चमध्ये गाते. तिनं डबा उघडला. "यात दही नाहीये."

"नाही. माझ्या आईनं केलंय. सोमवारी ती उपास करते."

"कुणासाठी?"

केल्विन म्हणतो, निखिलला एवढं गडबडलेलं त्यानं कधी बघितलं नाही. "माझ्यासाठी," तो म्हणाला.

डेनिसनं एक घास खाल्ला. मग दुसरा. मग डबा आपल्याकडे ओढून घेतला. तिथूनच तिनं निखिलला मला फोन लावायला सांगितलं. मी नुकती पूजेवरून उठत होते. ती म्हणाली, "मॅम, माझं मूल मी तुमच्या मुलाच्या हवाली करतेय. शब्द पाळेल ना तो?"

मी म्हटलं, "माझा मुलगा शब्दाचा पक्का आहे."

सोमवारच होता तो. मी खरंच बोलले होते.

विमानवाले कोच नंतर एका मुलाखतीत म्हणाले म्हणे, "तिकडे काय दिलं त्यांनी त्याला, कुणास ठाऊक!"

*

पहिले सोळा सोमवार संपले त्या मार्चात निखिलला एका मोठ्या कॉलेजातून खरंच बोलावणं आलं. तीन फेऱ्या मुलाखती झाल्या. समितीतले लोक म्हणाले, तुमचं काम अप्रतिम आहे, मुलं तुमच्यासाठी जीव टाकतात. मी तर उद्यापनाच्या जोडप्यांची यादीसुद्धा केली.

नोकरी दुसऱ्याला दिली. त्या मोसमात निखिलकडून दोनदा हरलेल्या कोचला! निखिलनं कारण विचारलं. ते म्हणाले, "आमच्या देणगीदारांना एक ओळखीचा चेहरा हवा होता."

ह्यांनी टीव्ही बंद केला. मी देवाला म्हटलं, असू दे, माझंच काही चुकलं असेल, परत धरते.

पण किस्सा पुढेच आहे. इथे खेळाडूंना दरवर्षी कॉलेज बदलता येतं. ज्याला बदलायचं त्यानं एका यादीत नाव घालायचं, तिला 'पोर्टल' म्हणतात. यादीत नाव आलं की मोठ्या कॉलेजांचे फोन सुरू. त्या नव्या कोचनं खुर्चीवर बसल्या बसल्या पहिले फोन केले ते निखिलच्या मुलांना. एक महिना झाला नाही तोच निखिलच्या मैदानावर उतरणाऱ्या पाचांतले तिघे तिकडे गेले. जाताना एक तर माझ्याकडे जेवून गेला. डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "आई, कोचला सांगाल ना, सॉरी म्हणून?"

केल्विन एवढंच म्हणाला, "निखिलला त्यांनी एकदा नाही म्हटलं आणि तीनदा हो."

तिसरा गेला त्या दिवशी निखिल केल्विनबरोबर माझ्या डायनिंग टेबलाशी बसला होता. पानातला भात तसाच. तो म्हणाला, "हे लोक दुसऱ्यानं वाढवलेलं झाड उपटून नेतात. मी कुठेही गेलो आणि ही टीम तुझ्याकडे आली ना केल्विन, तर तुझ्या एकाही मुलाला हात लावणार नाही. आईसमोर सांगतोय."

"चालेल," केल्विन म्हणाला. "आईसमोर सांगितलंस म्हणजे झालं."

*

दुसरे सोळा सोमवार. निखिलकडे उरलेली मुलं, आणि आता जेलन. कुणाला काही आशा नव्हती. डेअरीवाल्यांनासुद्धा! "यंदा जरा जास्त घालून बघा," असं म्हणाले ते गाईकडे बोट दाखवून.

आणि टीम जिंकत गेली. लहान कॉलेजांच्या गटात कितीही जिंका, शेवटची एक फायनल जिंकली तरच देशाच्या मोठ्या स्पर्धेत जायला मिळतं. ती फायनल आली सोमवारी. माझ्या सोळाव्या सोमवारी! मी स्टेडियममध्ये उपाशी, शेजारी डेनिस. तिनंही त्या दिवशी काही खाल्लं नव्हतं. "तुम्ही एकट्यानंच का करायचं?" म्हणाली. शेवटच्या चार सेकंदांत जेलननं चेंडू टाकला. तो कड्यावर दोनदा नाचला आणि आत पडला.

जिंकलेली टीम इथे बास्केटची जाळी कापते. निखिलनं त्यातला एक तुकडा आणून माझ्या हातात ठेवला. तो मी देव्हाऱ्यात ठेवलाय.

पुढच्या दोन आठवड्यांत मोठ्या स्पर्धेत त्यांनी दोन बड्या टीम हरवल्या. मग फोन आला. त्याच मोठ्या कॉलेजाचा! ओळखीच्या चेहऱ्याला त्यांनी काढून टाकलं होतं.

निखिलला नोकरी लागली. त्याच्या जागी केल्विन कोच झाला. संक्रांतीच्या काकूंचा फोन आला, "अगं, लागला ना शेवटी जॉबला!" मी सोळा जोडपी आणि सतरावा भट, असं थाटात उद्यापन केलं. केल्विननं पंगतीत वाढलं, डेनिसनं चर्चमधलं एक गाणं म्हटलं. आमचे हे माझ्या कानाशी म्हणाले, "तिकडच्या देवाचंही उद्यापन होऊन जाऊ दे!"

*

आता शेवटचा.

उद्यापन झालं तरी माझा सोमवार काही सुटला नाही. सवयच झाली. थोडासा चुरमाही करते.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, एका सोमवारी संध्याकाळी, निखिल दारात. नव्या कॉलेजाचा शर्ट, नवी गाडी. फोन न करता आला म्हणून मी हरखलेच.

"आई, चुरमा केलायस ना?"

"केलाय की. बस, पूजा झालीच आहे."

"बसायला वेळ नाही गं. एक डबा भर. मिस डेनिसला आवडतो."

मी चमचा हातात घेऊन तशीच उभी.

"जेलनचं नाव पोर्टलमध्ये आलंय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कुणीतरी नेणारच आहे त्याला, आई. मग मी का नाही? तिकडे पहिल्या वर्षी जिंकलो नाही तर मलाही काढतील. यू नो दॅट."

"आणि केल्विन?"

"केल्विनला कळेल. तो समजूतदार आहे."

देवळाचा भाग मी वेगळा काढला होता, गाईचाही. घरचा होता तो दह्याच्या डब्यात भरला. त्यानं वाकून नमस्कार केला. मी नेहमीसारखा आशीर्वाद दिला, यशस्वी हो.

गाडी वळणाआड गेली आणि फोन वाजला. केल्विन होता.

"आई, आज सोमवार आहे ना?"

"हो रे."

"म्हणून मुद्दाम आज फोन केला." तो हसला, पण हसू जमलं नाही. "जेलन जायचं म्हणतोय. मी उद्या डेनिसकडे जातोय, त्याला थांबव म्हणून सांगायला. मला वाटतं ती ऐकेल माझं. फक्त एक सांग मला. निखिल यात नाहीये ना?"

ओट्यावर चुरम्याचे चार कण सांडले होते. ते मी बोटानं टिपून घेतले.

"केल्विन," मी म्हटलं, "तू जेवलास का रे?"