हरेश्वरच्या विहिरीतलं निर्माल्य

पहाटे सोनचाफा तोडून झाला, की हरेश्वर चौधरी आंबे उतरवायचा झेला खांद्यावर टाकून विहिरीकडे जायचा. विहिरीत काही आंबे लागत नाहीत. तो काढायचा पिशव्या. दुधाच्या, साखरेच्या, साडीच्या दुकानाच्या, नीट गाठ मारलेल्या, आणि प्रत्येकीत देवाची उतरलेली फुलं.

माणिकपूरच्या त्या गल्लीत एक्क्याण्णव साली ‘सागरकिरण’ नावाची चार मजली सोसायटी झाली. सागर तर गच्चीवरूनही दिसायचा नाही. दिसायची ती हरेश्वरची वाडी. केळी, चाफा, तगर, आणि कुंपणाला लागून त्याच्या आजोबांनी खणलेली विहीर. नव्या लोकांना नळ नव्हता. मे महिन्यात टँकर आला नाही की बायका कळश्या घेऊन वाडीत यायच्या आणि हा बाबा एकीलाही नको म्हणायचा नाही. पाणी असं गोड, की तिसऱ्या मजल्यावरच्या वसुंधराताई परळच्या बहिणीला बाटली भरून न्यायच्या.

मग सोसायटीला नळ आला, आणि विहिरीत निर्माल्य यायला लागलं.

बरं, लोक वाईट म्हणावेत तर तसंही नाही. कचरा ते विहिरीत कधी टाकत नसत, कचऱ्याला गटार होतं. पण देवाची फुलं गटारात कशी टाकणार? ती पाण्यातच सोडायची असतात. समुद्र भुईगावला, सकाळी कामावर जायची घाई, आणि खिडकीखाली आयती विहीर. पिशवीला गाठ मारायची, हात जोडायचे आणि द्यायची सोडून. नेम चुकला तर केळीत.

हरेश्वरनं एकदा वसुंधराताईंना फाटकाशी गाठलं.

“ताई, त्या विहिरीचं पानी आमी पितो.”

“अहो काका, घाण कुठे टाकतो आम्ही? देवाचंच आहे ना ते.”

यावर माणसानं काय बोलावं, तुम्हीच सांगा. फाटकी चप्पल टाकली असती, तर त्यानं रस्त्यात उभं राहून चारी मजल्यांचा उद्धार केला असता. जीभ त्याची काही कमी तिखट नव्हती. पण फुलांवरून भांडायचं कसं? त्यातून ती फुलं त्याचीच. त्याची बायको शकू स्टेशनच्या रस्त्याला फुलपुड्या विकायला बसायची, केळीच्या पानात बांधलेल्या, वरून केळीच्याच सोपटाची दोरी. पिशवी उघडली की आत तीच दोरी, तीच शकूची उलटी गाठ. काल विकलेलं आज घरी परत.

कचऱ्यात त्यालाही टाकवेना. तो सगळं गोणीत भरायचा आणि दर दोन दिवसांनी सायकलवरून भुईगावला नेऊन समुद्रात सोडायचा. रिकाम्या पिशव्या परत आणायचा. शेजारच्या वाडीतला बॅप्टिस्ट हे बघून वैतागायचा.

“दे मना, मी जाळतो. तुजा देव मना थोडाच वळखतो?”

“मना वळखतो ना,” हरेश्वर म्हणायचा आणि पायडल मारायचा.

त्याची एकच इच्छा होती. बापानं जशी विहीर त्याच्या हाती दिली, तशीच भरलेली, उघडी, पिता येईल अशी त्याला सुरजच्या, आपल्या मुलाच्या हाती द्यायची होती. त्यासाठी त्यानं काय नाही केलं? दोनदा विहीर उपसली. जाळी बसवली, तर पिशव्या जाळीवर फुटून कुजल्या आणि त्याचा काळा रस खाली गळला. पाण्याला वास यायला लागला. सुरज नळाचं प्यायला लागला, सून नळाचं प्यायला लागली. शकू मात्र हट्टानं विहिरीचंच प्यायची. लग्न होऊन आले तवा पयलं पानी हेच प्यायले, म्हणायची.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. बावीस दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी पाणी तपासायला लावलं आणि निकाल बघून म्हणाले, हे जनावरालाही पाजू नका. सुरज एवढंच बोलला, “बाबा, आई वाचली. आता झाका ती विहीर.” हरेश्वर खचला. मान हलवून मोकळा झाला.

विहीर बंद करायची तर आधी तिची ओटी भरावी लागते, क्षमा मागावी लागते. दसऱ्यानंतर एका सोमवारी शकूला खुर्चीवर बसवलं. हरेश्वरनं खण, नारळ आणि ओंजळभर सोनचाफा पाण्यात सोडला. फुलं पसरली आणि तो वाकून बघत राहिला. ही काढायची नाहीत, हे त्याला उमजेचना. मग त्याला रडू आलं. चारचौघांत रडला, लाजला नाही.

सोसायटीतली माणसं आली होती. वसुंधराताई पदरानं डोळे टिपत होत्या, आणि ते नाटक नव्हतं.

“पुण्याईची विहीर हो काका. अडीअडचणीला हिनंच पाणी पाजलं आम्हाला.”

गवंड्यांनी फरशा सरकवल्या, सिमेंट ओढलं. ताई संकोचून म्हणाल्या, “काका, आता निर्माल्य कुठे सोडायचं?”

त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. नऊ वर्षं पोटात साठलेलं हरेश्वरला एकदाचं ओकता आलं असतं. पण आता भांडून मिळवायचं काय?

“फाटकाला अडकवत जा, ताई. मी नेईन भुईगावला.”

“एवढंच ना? तुम्ही आधी बोलला असतात तर.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फाटकाला अकरा पिशव्या होत्या. वाडीत एकही पडली नव्हती. हरेश्वर त्या गोणीत भरत होता आणि शकू ओट्यावर बसून बघत होती. डोळे तिचे अजून पिवळट होते.

“नऊ वर्सं तुमीच नेत होता,” ती म्हणाली. “मंग फाटकाला लावा म्हनून आधी का नाय सांगितलं?”

“लोकांचं निर्माल्य मागून घ्यायला मी काय त्यांचा गडी हाय, असं वाटायचं गं.”

हरेश्वरनं गोणीचं तोंड बांधलं, ती सायकलला लावली, आणि शकूकडे न बघता फाटकाबाहेर पडला.