पंचांनी आम्हाला मोजलं

आधीच सांगून टाकते, असले अनुभव वाचताना नाक मुरडणाऱ्यांपैकी मी आहे. वडाखाली उभी असलेली बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचते, हसते आणि पान उलटते. आमच्या घरी या गोष्टींना थाराच नव्हता. छप्पन साली आईबाबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरातले देव गाठोड्यात बांधून कन्हान नदीत सोडून आले. त्यानंतर अंगात येणं, उतारा, नजर असला शब्द जरी कोणी काढला तरी बाबा ताटावरून उठायचे. मी त्यांचीच लेक, शिवाय पुढे सगळी नोकरी बँकेत झाली. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते मला स्वतःलाच पटत नाही, हे धरून वाचा.

चौऱ्याहत्तर सालचा हिवाळा. मी नागपूरच्या एका लहानशा मुलींच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन होते. कॅप्टन म्हणजे फार काही नाही, बॉलमध्ये हवा भरायची आणि पोरी गोळा करायच्या. जुलैमध्ये दहाएक जणी असायच्या. दिवाळीला हॉस्टेल रिकामं व्हायचं आणि त्यातल्या काही परत यायच्याच नाहीत. मग पत्रिका यायची, हळद लावलेली. त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सहा उरलो होतो.

त्या सहांत एक कुसुम. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली, घरी संत्र्याचा बगीचा. उंच, हडकुळी, बोलायला कमी. तिची जागा बोर्डाच्या डाव्या हाताचा कोपरा. आमच्या पी.टी.च्या बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. त्या ओढणीने आमचे डोळे बांधायच्या आणि नुसतं नाव घ्यायच्या. "कुसुम" म्हटलं की डाव्या कोपऱ्यात फेकायचं. बाई म्हणायच्या, "जिच्याकडे द्यायचा तिच्याकडे पाहिलं की समोरचीला कळतं. पाहायचंच नाही. ती असणार तिथे, एवढं धरून चालायचं." आणि कुसुम असायचीच. दोन वर्षांत तिने माझा पास सोडलेला मला आठवत नाही.

कसं कोण जाणे, त्या वर्षी आम्ही इंटरकॉलेजच्या फायनलला पोचलो. समोर शहरातलं ते मोठं कॉलेज होतं, नाव लिहीत नाही. त्यांना कोणी हरवलेलं आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे कोच होता, एकसारखे बूट होते आणि बेंचवर आणखी एक अख्खी टीम बसलेली असायची.

मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी कुसुमचे बाबा एसटीने आले. दुसऱ्या दिवशी तिला पाहायला पाहुणे येणार होते, मामाने परस्पर ठरवलेलं. मी व्हरांड्यात जाऊन त्यांना म्हटलं, "काका, उद्या फायनल आहे. एक दिवस पुढे ढकला ना."

"पाहुण्यायले सांगून झालं बाई. आता माघारी कसं फिरवू? लोकायचं बोलनं खायाचं काम आहे का?" ते वाईट माणूस नव्हते. खरंच अडचणीत पडल्यासारखे दिसत होते.

कुसुम ट्रंक आवरताना रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "मंदे, तुम्ही जिंका. कप जिंकलो म्हणून सांगता आलं तं बाबा एखाद्या वेळी ऐकतीन, बी.ए. करू देतीन. हरलो तं मी काही परत येत नाही, समजून घे." आणि गेली.

मॅच दुपारची होती. मुरमाचं मैदान, चुन्याच्या रेघा, लाकडी बोर्ड. आमच्या डाव्या कोपऱ्याच्या मागे ना भिंत ना झाड, नुसतं मोकळं पटांगण आणि पार पलीकडे मॅच बघायला आलेल्या पोट्ट्यांच्या सायकली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मागून मला सगळ्यांनी हेच विचारलं.

आम्ही पाच जणी उतरलो. हाफटाइमच्या थोडं आधी सुधाचा पाय मुरमावरून घसरला आणि घोट्याशी असा सुजला की चप्पल जाईना. बदली कोण? कोणीच नाही. पंचांना विचारलं, ते म्हणाले चार जणींनी खेळता येतं, नियमात बसतं. बाहेरून एक जण ओरडला, "घरी जा वं पोट्ट्या हो, स्वयंपाक राहिला असन." मला रडू यायला लागलं होतं. खरं सांगते, मॅचचं नाही. कुसुम गेली, हेच डोक्यात होतं.

दुसरा हाफ सुरू झाला. बॉल माझ्याकडे आला, अंगावर दोघी चालून आल्या आणि मी सवयीने, न पाहता, डाव्या कोपऱ्यात फेकला. हातातून सुटता सुटता कळलं, अगं, तिथे कोणी नाहीये.

बॉल परत आला. एक टप्पा घेऊन, कुसुम द्यायची तसाच, माझ्या कमरेच्या उंचीला. मी काय केलं? बॉल हातात आल्यावर करतात तेच, बोर्डाकडे मारला आणि तो रिंगमध्ये गेला. पंचांची शिटी वाजली नाही. मी स्वतःला सांगितलं की मुरमात खडा असेल, नाहीतर बाहेरच्या कोणीतरी लाथ मारली असेल. पण मग थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. आमच्यातल्या दुसरीनेही तिकडे फेकला, तिलाही परत मिळाला. आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो. बघितलं तर थांबेल, अशी काहीशी भीती वाटत होती.

खरी गंमत पुढे. त्यांची कॅप्टन शैला, विद्यापीठाच्या टीममधली, धावत जाऊन डाव्या कोपऱ्यात हात पसरून उभी राहिली. रिकाम्या जागेसमोर. त्यांची आणखी एक जण तिच्या मदतीला गेली. बोर्डाखाली आम्हाला रान मोकळं झालं. लोकांना वाटलं, यांना झालंय तरी काय?

शैला पंचांकडे गेली. "सर, ये लोग पाँच खेल रहे हैं. एकीला बाहेर काढलं ना? मग ही कुठून आली?"

पंचांनी खेळ थांबवला. आम्हाला रांगेत उभं केलं आणि बोट दाखवून मोजलं. चार. सुधा बेंचवर पाय वर करून बसलेली. पोट्टे हसले. खेळ पुन्हा सुरू झाला.

शेवटची मिनिटं उरली तेव्हा बरोबरी झालेली होती. मी पुन्हा कोपऱ्यात फेकला, आणि या वेळी मी तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. बॉल छातीच्या उंचीला थबकला, हातात आला की थबकतो तसा, आणि माझ्याकडे आला. मी तो धरून तशीच उभी राहिले. शैलाने खेळ सोडून पंचांचा दंड धरला. "मोजा सर! पुन्हा मोजा! तुम्हाला दिसत कशी नाही ती?"

पंचांनी पुन्हा मोजलं. चार. मग ते भडकले आणि तिला टेक्निकल फाउल दिला. फ्री थ्रो आम्हाला मिळाला, तो मी मारला. त्या एका पॉइंटने आम्ही जिंकलो.

मागाहून मी पंचांना गाठलं. "सर, कोपऱ्यातला बॉल बाहेर गेला होता का?"

"गेला असता तर शिटी वाजवली असती," ते तुटकपणे म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

चार-पाच दिवसांनी कुसुमचे बाबा तिला आणि तिची ट्रंक घेऊन हॉस्टेलच्या दारात उभे. आम्ही कप दाखवायला धावलो, तर त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पाहुण्यायच्या समोर पाटावर बसली होती. नाव पुसलं त बोलेच ना. डोये उघडे, पन पाहे कोनाकडेच नाही. बसल्या जागी धापत होती, घामानं पातळ ओलं. हाताचे तळवे लालभडक. पाहुने म्हने पोरीले फिट येते, अन् उठून गेले." मग हातातली ट्रंक खाली ठेवली. "मी बाप हाव. मले वाटलं, पोरगी गेली हातची. हिले घरात बसवनं आपल्याच्यानं होत नाही. शिकू द्या तिले."

वेळ विचारली तर दुपारची, तीच.

फिट येणारी पोरगी म्हणून तालुकाभर बोभाटा झाला. पुढे कोणी पाहायला आलंच नाही. कुसुम बी.ए. झाली, काटोलकडे एका शाळेत पी.टी.ची बाई झाली, एकटी राहिली आणि तशी मजेत राहिली. त्या दुपारचं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. पाटावर बसले आणि मग आई तोंडावर पाणी मारत होती, एवढंच. याचं तिला फार लागायचं. "आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच," ती म्हणायची, "अन् मलेच मालूम नाही. सांग ना वं, कशी खेळली मी?"

मी काय सांगणार होते? मला ती दिसलीच नव्हती.

अलीकडे एका लग्नात शैला भेटली. केस पांढरे, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी ओळख दिली तर पहिलं वाक्य, "पाच होता तुम्ही." मी वाद घातला नाही. मग तीच म्हणाली, "ती कोपऱ्यातली उंच मुलगी... मी नंतर देशभर खेळले. पण तिच्यासारखे हात मी कोणाचे पाहिले नाहीत. सारखी हसत होती गं खेळताना."

याचा अर्थ मला लागलेला नाही. बाबा असते तर त्यांनी मला झोडपून काढलं असतं. स्पष्टीकरण कोणाकडे असेल तर कळवा, मी मोकळ्या मनाने ऐकेन.

घरी आल्या आल्या मी कुसुमला फोन लावला आणि शैला बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग ती म्हणाली, "हसत होती म्हने?... अजून काय म्हनाली वं?"