टेलची पाळी

आमच्या गावच्या तलावाचं पाणी टेलकडून लागतं. नहर जिथे संपते तिथल्या धानाच्या बांध्या आधी भिजतात, मग वरच्या, आणि तलावाला लागून असलेल्यांची पाळी सगळ्यात शेवटी. वरच्यांनी आधी घेतलं तर खाली काही उरत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, कारण मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची शेती टेललाच आहे.

मी गोंदियातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. पाळ्या लावून शेतकऱ्यांच्या मोबाईलवर निरोप पाठवणारा आमचा एक जुना प्रोग्राम आहे, सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेला. त्यात पाळी वरून खाली लागायची. आमच्या गावच्या पाणी समितीने तो घेतला, तेव्हा क्रम उलटा करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या कोडला हात लावायचा नाही, असं सीनियरनी बजावलं होतं. म्हणून मी पायथन या दुसऱ्या भाषेत नवा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक वेगळा तुकडा, लिहिला. त्याने जुन्या क्लासकडून सगळं वारशाने घेतलं. फक्त क्रम लावणारं फंक्शन माझं. चालवून पाहिलं, टेल पहिलं आलं. दोन भाषांना जोडणाऱ्या भागाबद्दल एक शंका होती. विचारायला सीनियरच्या टेबलापर्यंत गेले. ते फोनवर होते. परत आले, आणि पुन्हा गेले नाही.

उन्हाळी धान पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना निरोप गेले. आठव्या दिवशी मोठ्या बाबांचा फोन आला.

"बाई, आपल्याकडे पाणी कायले नाही आलं? वरचे दुसऱ्यांदा घेऊन राहिले."

"तुम्हाला निरोप आला होता?"

"आला ना. नंबर शेवटचा. मी म्हटलं, आपल्या पोरीनं लावलं तर बराबरच असन."

टेलच्या इतरांनीही तेच धरलं होतं. दुसऱ्या कुणी लावलं असतं तर पहिल्याच दिवशी भांडण झालं असतं.

दुपारपर्यंत चूक सापडली. मी पायथनमधून हाक मारली की माझं फंक्शन चालायचं. पण निरोप तयार करताना जुना प्रोग्राम स्वतःच आतून क्रम मागायचा, आणि पलीकडच्या भाषेत आपल्या क्लासचा नवा वारस तयार झालाय, हे त्याला कळायची सोयच नव्हती. जोडणाऱ्या भागात ती वेगळी लिहावी लागते. मी लिहिली नव्हती. त्याने आपलंच जुनं फंक्शन चालवलं, कुठलाही एरर न देता.

संध्याकाळी समिती शाळेच्या व्हरांड्यात बसली. वरचा एक शेतकरी हसत म्हणाला, "मशीननं दिलं, आम्ही घेतलं. आमची का चूक?" दुसऱ्याने गेट उघडणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे बोट केलं, "यानंच केलं असन, दारूपायी." पाटकरी चिडून उठला. "मले जसा पाळीचा कागद देल्ला तसं सोडलं, भाऊ."

मोठे बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोबाईलमध्ये बिघाड असन. सोडा."

मी उभी राहिले. "प्रोग्राम मी लिहिला. चूक माझी आहे. यांची नाही." पुढे क्लास, ओव्हरराइड असं काहीतरी बोलत गेले.

"मॅडम, समजेल असं सांगा ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही," एवढंच सांगता आलं.

वरच्यांनी कुरकुर करत तीन दिवस पाणी खाली जाऊ दिलं. तलावात होतं तेवढं पाणी टेलला आलं, पण धानाच्या लोंब्या निसवायच्या वेळेला कमी पडलं. कापणीत मोठ्या बाबांचा जवळजवळ निम्मा धान पोचट निघाला. मी पाखडलेल्या ढिगाजवळ गेले, तेव्हा त्यांनी बसायला पोतं सरकवलं.

पुढच्या हंगामाचे निरोप बरोबर गेले. त्या सकाळी त्यांनी मोबाईलवर आपला पहिला नंबर वाचला, आणि तो खरा का, हे विचारायला चप्पल घालून पाटकऱ्याच्या घरी गेले. हे मला मोठ्या आईकडून कळलं.