तिसऱ्या खिडकीपासून चार पावलं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या चर्चला गावात सगळे देऊळच म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो. शाहूवाडीच्या डोंगराकडचं गाव. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढच्या आणि मागच्या अंगाला तीन-तीन खिडक्या. मी लग्न होऊन आले तेव्हा दर शनिवारी सासूबाई ते झाडायच्या. त्या गेल्यावर झाडू माझ्याकडं आला, किल्लीही आली. ती किल्ली मी कमरेच्या पिशवीत ठेवत असे.

झाडताना मागच्या अंगाची तिसरी खिडकी मी सगळ्यांत शेवटी पुसायची. तिथं थोडा वेळ उभी राहायची. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. नाव पुढच्या रविवारी ठेवायचं होतं. आमची दफनभूमी ओढ्यापलीकडं आहे आणि ओढ्याला तीन दिवस उतार नव्हता. तेव्हाचे म्हातारे पाळक म्हणाले, देवळामागं ठेवू तिला. पण खूण काही करू नका, नाहीतर उद्या सगळेच इथं आणायला लागतील. मालकांनी तिसऱ्या खिडकीपासून सरळ चार पावलं मोजली, देवळाच्या पायाला धक्का नको म्हणून, आणि कुदळ घातली. मी ओली बाळंतीण. पावसात उघड्यावर उभं राहायचं नाही म्हणून पाळकांनी मला देवळात आणून त्या खिडकीशी उभं केलं. मी गज धरून सगळं पाहिलं.

पाळक गेले. सासूबाई गेल्या, पुढं मालकही गेले. धाकटे दीर तेव्हा कोल्हापुरात बोर्डिंगात शिकत होते. ओढा उतरल्यावर तिला पलीकडं नेलं असणार, असंच त्यांना वाटत आलं. मग ती खिडकी माझ्या एकटीपाशी राहिली.

देऊळ थकत गेलं. माकडांनी कौलं फोडली, मागची भिंत फुगली. मंडळीतली पोरं कोण इचलकरंजीला मागावर, कोण पुण्याला. नवे पाळक तालुक्याहून महिन्यातून एकदा यायचे. मागच्या हिवाळ्यात उपासना झाल्यावर ते म्हणाले, आज सगळ्यांनी थांबा, देवळाचं काय करायचं ते ठरवू. आम्ही अकरा माणसं होतो.

धाकटे दीर आता मंडळीचे पंच आहेत. तेच आधी बोलले. "पावसाळ्यात देवळात छत्री उघडून बसतोय आपण. देवबी म्हणत आसंल, माझ्या घरात ह्यास्नी छत्री कशाला लागती."

लोक हसले. पाळक म्हणाले, "भिंत कधी पडेल सांगता येत नाही. कुणाच्या अंगावर पडली तर? ते उतरवू. घंटा आणि बाकं तालुक्याच्या चर्चमध्ये नेऊ. रविवारी तुम्हाला न्यायला गाडी येईल."

माझ्या शेजारी बसलेली म्हातारी आक्का म्हणाली, "गाडी लागती की मला. पिशवी घिऊन बसीन, पर गाणं कसं म्हणू?"

"आक्का, तू गाणं म्हणतीस म्हणून तर कौलं पडली," दीर म्हणाले.

"तुझ्या लग्नात म्हणलं तवा न्हाई पडली ती. तवाच पडाय पायजे हुती."

पुन्हा हसणं झालं. मीही पदराआड हसले, हे मला आता आठवतं. मग पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुम्ही इतकी वर्षं देऊळ झाडताय. तुम्हाला काय वाटतं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. सगळं ओठांवर आलं होतं. पण पुरुषमाणसांपुढं बाळंतपणापासून सांगायचं, आणि तेही इतक्या वर्षांनी. मी फरशीकडं बघत म्हणाले, "तुमी म्हणशीला तसं."

तरीही सगळं संपलं नव्हतं. आमच्या मंडळीत ठरवायची एक पद्धत आहे. हात वर करायचा नाही, सही करायची नाही. पाळक ती गोष्ट प्रार्थनेत देवापुढं ठेवतात. मान्य असेल त्यानं शेवटी आमेन म्हणायचं. एक माणूस जरी गप्प राहिला तरी गोष्ट थांबते, आणि आम्ही इतके थोडे की कोण गप्प राहिलं ते लगेच कळतं. दारातली चिंच तोडायची ठरली तेव्हा एक म्हातारी गप्प राहिली होती. ती चिंच अजून उभी आहे.

म्हणून मी मनाशी ठरवलं, गप्प राहायचं. त्याला बोलायला लागत नाही. एवढं मला जमलं असतं.

सगळे उभे राहिले. मी डोळे मिटले. प्रार्थना लांबली. पाळकांनी देऊळ बांधणाऱ्यांची आठवण केली, तिथं लग्न लागलेल्यांची केली, मग म्हणाले, "या जागेतून जे तुझ्याकडं आले, त्या लहानथोरांना सांभाळ." लहान म्हटल्याबरोबर मला माझी लेक दिसली. तिच्यासाठी इतक्या वर्षांत कुणी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. मी ऐकत राहिले आणि प्रार्थना संपली तशी सगळ्यांबरोबर माझ्या तोंडून आमेन निघून गेलं. लहानपणापासूनची सवय. डोळे उघडले तर दीर चपला घालत होते.

एकदा म्हटलेलं आमेन परत घेत नाहीत. तरी मी दोनदा दिरांच्या दारात गेले. एकदा ताक मागून आले, एकदा नुसतीच आले.

उन्हाळ्यात जेसीबी आला. सकाळी घंटा उतरवली, जेवणवेळेपर्यंत मागची भिंत खाली आली. तिसरी खिडकी गजांसकट आडवी पडली आणि दगडाबरोबर ट्रॅक्टरमध्ये गेली. मग पाया उकरला, वर मुरूम टाकला आणि सगळं सारखं केलं.

पुढच्या शनिवारी मी सवयीनं झाडू घेऊन गेले. खिडकी जिथं असावी तिथं उभी राहिले आणि चार पावलं टाकली. मग वाटलं, मालकांचं पाऊल मोठं, माझी पाच होतील. पाच टाकली. मग वाटलं, भिंतच इथं नव्हती, जरा अलीकडं होती. पुन्हा मागं गेले. प्रत्येक वेळी दुसऱ्याच ठिकाणी पोहोचत होते.

दीर रस्त्यानं चालले होते. "वैनी, काय हुडकाय लागलाय?"

आत्ता सांगावं, असं वाटलं. तोंडून आलं, "किल्ली पडली, भावजी."

"देवळाची? आता देऊळ न्हाई, किल्ली घिऊन काय करणार हायसा?" ते हसले. पण माझ्या तोंडाकडं बघून थांबले, आणि आत येऊन वाकून शोधायला लागले. माणूस वाईट नाही. इकडून तिकडं चालत, जाड चपलेनं मुरूम बाजूला सारत ते किल्ली शोधत होते. किल्ली माझ्या कमरेला होती.

"भावजी, पायानं उकरू नका," एवढंच मी म्हणाले.