झुंबरबाईच्या शेळीची नोकरी

खर्ड्याच्या अलीकडच्या एका वाडीत झुंबरबाई गावाला पाणी सोडायची. काम एवढंच, सकाळी विहिरीवर जायचं, मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, टाकी भरली की लाल. पण त्याचा तिला कोण अभिमान! सगळी उमेद कोपरगावकडे ऊस तोडण्यात गेली होती. ह्या बटणामुळे ती घरी टिकली. ते गेलं तर हातात पुन्हा कोयता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग गावात सुधारणा आली. आणली तिच्याच भाच्याने, वाल्मिकने. त्याने पत्त्यांच्या जुडीएवढा कॉम्प्युटर आणला, त्याला तळहाताएवढी स्क्रीन जोडली आणि स्टार्टरची बटणं काढून टाकली. आता स्क्रीनवरच्या हिरव्या चौकोनाला नुसतं बोट लावायचं.

झुंबरबाईने लावलं. मग दाबलं, घासलं, पदराला पुसून पुन्हा लावलं. स्क्रीन ढिम्म.

"आत्या, कातडी लई जाड झालीय तुझी," वाल्मिक कसानुसा होऊन म्हणाला. "हे बोट हाय, हेच तिला कळंना."

"मंग काय वाटतंय तिला? लाकूड?"

सरपंच आबासाहेबांना हे ऐकून भलताच आनंद झाला. त्यांचा मेव्हणा ओंकार रिकामटेकडा होता आणि दिवसभर मोबाईलवर फिरून त्याची बोटं लोण्यासारखी मऊ झाली होती. त्यांनी भर ग्रामसभेत जाहीर केलं, "उद्या उद्घाटन. ज्याच्या स्पर्शानं मोटर पैल्यांदा चालू व्हईल, त्योच गावाला पानी सोडंल. माझा शबूद हाय."

झुंबरबाई घरी आली. आढ्याला खोचलेला कोयता दिसला, तशी त्याच्याकडे पाठ करून तिने चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. स्क्रीन स्टुलावर मांडली होती. नवं यंत्र पूजेशिवाय सुरू करायची कोणाची छाती? हळदकुंकू झालं. शेजारच्या कडूबाईने, तिचीही बोटं ऊसतोडीचीच, नैवेद्याचा गूळ थेट हिरव्या चौकोनावरच चिकटवला. ओंकार फोटोसाठी केस नीट करत होता. तेवढ्यात झुंबरबाईच्या मागोमाग आलेली तिची शेळी गर्दीतून पुढे घुसली आणि तिने गूळ चाटला.

मोटर चालू झाली.

ओंकारला विटलेल्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. आबासाहेब लालबुंद झाले, पण शब्द भर सभेत दिलेला. तो फिरवला तर निवडणुकीत कोणत्या तोंडाने उभं राहायचं? नारळ फुटला आणि शेळी पाणीपुरवठ्यावर रुजू झाली. पगार शेळीचा, बँकेत तिचं खातं उघडेना म्हणून तो झुंबरबाईने घ्यायचा.

तेव्हापासून रोज झुंबरबाई स्क्रीनला गूळ लावायची, शेळी चाटायची आणि गाव पाणी भरायचं. टाकी भरली की लाल चौकोनावर गूळ. लोक शेळीला मॅडम म्हणू लागले. झुंबरबाईला मॅडमची मदतनीस.

पुढे मॅडम गाभण राहिल्या. एव्हाना आबासाहेबांनाही त्यांचा अभिमान वाटायला लागला होता. दिवस भरत आले तसे ते ग्रामसभेत उठून म्हणाले, "बाळंतपनाची रजा, भरपगारी! कायदा म्हंजी कायदा." बदलीवर कडूबाईची म्हैस सुचवण्यात आली. पुन्हा टाळ्या.

झुंबरबाई टाळी वाजवायची विसरली. तिची लेक ज्योती जन्मली ती उसाच्या फडातच. सकाळी झुंबरबाईने मोळ्या बांधल्या, दुपारी उसाच्या पाचटावर बाळंत झाली, दुसऱ्या दिवशी परत कोयता. मुकादमाने त्या अर्ध्या दिवसाचा खाडा धरला होता. तिला त्याचा राग आज आला, इतक्या वर्षांनी.

घरी येऊन तिने शेळीपुढे हिरवा घास टाकला आणि तिच्या तटतटलेल्या पोटावरून हात फिरवला. तोच खरखरीत, जाड कातडीचा हात. शेळीने चघळणं थांबवून डोळे मिटले. हिला कळत होता तो.

"पड, बाई," झुंबरबाई म्हणाली. "तुला रजा हाय."