राहीबाईची बुधवारची पाळी

तासगाव तालुक्यातल्या त्या गावात १९४४ साली शूर माणसांची टंचाई नव्हती. कुणी तारा तोडल्या होत्या, कुणी भूमिगतांना आठ-आठ दिवस उसात लपवलं होतं. विलायतेच्या राजाला घालवायला सगळे एका पायावर तयार. फक्त लालासाहेबाला विहिरीवरून उठवणं कुणाच्या हातात नव्हतं.

विहीर भावकीची. बुधवारची पाण्याची पाळी राहीबाईची. नवरा पलटणीतून ब्रह्मदेशाकडं गेलेला, म्हणून मोट ती स्वतः हाकायची. दिवाळीपासून चुलतदीर लालासाहेबानं तिच्या बुधवारी आपलेच बैल जुंपले, आणि तिचा अर्धा एकर गहू उभ्याउभ्या पिवळा पडत चालला.

संक्रांतीनंतर पत्री सरकारचे, म्हणजे भूमिगतांच्या प्रतिसरकारचे, पंच न्यायाला येणार असं कळलं, तशी ती दारोदार फिरली. पाळी कुणाची हे भावकीनं उभं राहून सांगायचं, एवढंच काम.

"काकू, समदी उठली तर मीबी उठीन," पुतण्या नाथाजी म्हणाला.

"समदी म्हंजी कोन रं? ऱ्हात्यात कुठं? तितंबी जाऊन येते. तार तोडताना इचारलं व्हतंस व्हय समद्यास्नी?"

"ते इंग्रज हुतं, काकू. हितं रोजचं तोंड बघायचं हाय."

न्यायाच्या दिवशी दुपारी भैरोबाच्या देवळात भावकी ओळीनं बसली. पंच म्हणाले, "बुधवार कुणाचा, ठाऊक असेल त्यांनी उभं राहून सांगावं."

कुणी हललं नाही. वडीलधाऱ्याच्या आधी उठायचं नाही, ही भावकीची रीत. आणि वडीलधारे आप्पासो खांबाला टेकून डोळे मिटून बसलेले. तीस धडधाकट गडी एका म्हाताऱ्याच्या पागोट्याकडं बघत राहिले. लालासाहेब मिशीला पीळ देऊ लागला.

राहीबाईचं डोकं फिरलं. पदर खोचून ती बायकांतून उठली आणि पुरुषांची ओळ ओलांडून थेट आप्पासोंपुढं गेली.

"आवं मामंजी, जागं हायसा का?"

"जागा हाय की."

"मग उठत का न्हाईसा?"

"ही पोरं उठंनात. म्हटलं, राज ह्यांचं येनार, ह्यांचं काय म्हननं हाय ते बघावं."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. आप्पासो गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले, "बुधवार राहीचा," म्हणाले, आणि पाठीत रट्टा बसावा तशी अख्खी ओळ उठली. लालासाहेबाचा सख्खा भाऊसुद्धा. पंचांनी पाळी परत दिली.

बुधवारी सकाळी नाथाजीसकट पाच-सहा जण बिनकामाचे विहिरीवर हजर. काकूनं एकदा तोंडभरून कौतुक करावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

"बघा काकू, एकी केली की कायबी हुतंय."

राहीबाईनं बैल जुंपता जुंपता रानाकडं बोट केलं. निम्मा गहू वाळून गेला होता.

"दिवाळीला केली असती तर त्यो बी जगला असता. तीन म्हैनं पानी न्हाई, माजा पाट गाळानं तुंबलाय. उभंच हायसा तर खोरी आना."

चाबूक उडवून तिनं पहिली मोट विहिरीच्या काठच्या थारोळ्यात ओतली. पाणी पाटात तुंबून उभ्या गड्यांच्या पायांपर्यंत आलं, तेव्हा कुठं नाथाजी खोरं आणायला पळाला.